स्कॅन चांगला येतो, तरी भीती का जात नाही?

पत्राचा सारांश : पन्नाशी ओलांडलेल्या एका वाचकाचं हे पत्र आहे. मोठ्या आतड्याच्या तिसऱ्या टप्प्यातल्या कर्करोगासाठी त्यांची शस्त्रक्रिया झाली, मग ऑक्सॅलिप्लॅटिनची केमो झाली. उपचार संपून सव्वा वर्ष होत आलं. आजार परत आल्याची खूण आजवरच्या एकाही तपासणीत नाही. तरीही ते रोज रात्री पोट दाबून बघतात, दिवसातून दोनदा वजन करतात, शौचाला जाऊन आले की इंटरनेटवर शोधत बसतात. केमो थांबल्यावर पायांच्या बोटांचा बधिरपणा पहिले काही महिने उलट वाढला आणि अजून पुरता गेलेला नाही, त्यामुळे आजार मणक्यात शिरला असावा असं त्यांना वाटतं. रक्तातलं सीईए (या कर्करोगावर नजर ठेवायला मोजलं जाणारं एक प्रथिन) १.८ होतं, ते २.६ झालं. शेवटच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टात फुप्फुसात ४ मिलिमीटरचा नोड्यूल (बारीक गाठीसारखा ठिपका) असल्याचं लिहिलं आहे. डॉक्टर म्हणाले, ‘पुढच्या स्कॅनमध्ये पाहू.’ मधल्या काळात आपणच पेट स्कॅन करून घ्यावा का, असं ते विचारतात. स्कॅनच्या आधीचे दोन आठवडे झोप लागत नाही, घरात चिडचिड होते. कामावर देऊ केलेली नवी जबाबदारी त्यांनी ‘स्कॅन होऊ दे, मग सांगतो’ म्हणून लांबणीवर टाकली आहे. पत्नीला वाटतं की वाईट विचार केल्याने आजार परत येईल, म्हणून ते घरात काही बोलत नाहीत. शेवटी लिहितात : ‘भीती गेली तर माझं लक्ष उडेल आणि नेमकं तेव्हाच काहीतरी निसटेल.’

---

तुमचा प्रश्न पेट स्कॅनचा आहे आणि त्याचं उत्तर मी देणारच आहे. पण पत्राचं मर्म मला त्या शेवटच्या वाक्यात दिसलं. भीतीला तुम्ही राखणीचं काम दिलं आहे. ती जागी आहे तोवर आपण सुरक्षित, असा हिशेब मनात बसला आहे. त्यामुळे कुणी ‘घाबरू नका’ म्हटलं की तुम्हाला ते राखण उठवा म्हटल्यासारखं वाटतं, आणि तुम्ही अजून घट्ट धरून बसता. तेव्हा ‘घाबरू नका’ असं मी म्हणणार नाही. भीती हे काम खरंच करते आहे का, एवढं आपण दोघं मिळून तपासून पाहू.

त्याआधी एक सांगते. उपचार संपल्यावर भीती वाढली म्हणून आपलंच काहीतरी चुकतंय, असं तुमच्या पत्रात दोन-तीन ठिकाणी डोकावतं. तसं नाही. फिट्झह्यू मलन नावाचे एक अमेरिकन डॉक्टर ऐन तिशीत स्वतः कर्करोगातून गेले होते. १९८५ साली त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की बुडणाऱ्याला पाण्यातून ओढून काढायची विद्या आपण छान शिकलो, पण काठावर आणल्यावर त्याला खोकत, धापा टाकत तिथेच सोडून देतो. उपचार चालू असतात तेव्हा दर काही दिवसांनी कुणीतरी तपासतं, रक्त घेतं, विचारपूस करतं, औषध चालू असल्याचा आधार असतो. एके दिवशी ते सगळं थांबतं आणि हातात पुढची तारीख तेवढी उरते. उपचारांच्या धांदलीत ज्या गोष्टीचा विचार करायला सवड नव्हती, ती नेमकी तेव्हा समोर येऊन उभी राहते. उपचार घेताना खंबीर असलेली कितीतरी माणसं त्यानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात खचतात. तुम्ही त्यांच्यातले एक आहात.

आता शरीराकडे वळू. पायांच्या बोटांपासून सुरुवात करते, कारण या काळजीला सरळ उत्तर आहे. ऑक्सॅलिप्लॅटिन नसांना इजा करतं. हे औषध थांबवल्यावरही काही महिने बधिरपणा आणि मुंग्या वाढत जाऊ शकतात. या औषधाचा हा माहीत असलेला गुण आहे आणि डॉक्टरांना तो अपेक्षित असतो. केमो सुरू करताना रुग्णाला तो सांगितला जातोच असं नाही, किंवा सांगितला तरी त्या दिवशी डोक्यात शिरत नाही. नंतर तो हळूहळू ओसरतो, पुष्कळांना वर्ष-दीड वर्ष लागतं, काहींना थोडा कायमचा राहतो. दोन्ही पायांना, बोटांपासून वर, सारखा बधिरपणा ही औषधाच्या इजेची ठेवण आहे. मणक्यात काही झालं तर चित्र निराळं असतं : पाठीत नवीन आणि वाढतं दुखणं, रात्री झोपेतून उठवणारं, पायातली ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं. असं झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. मात्र बधिरपणामुळे चालताना तोल जात असेल, रात्री झोप मोडत असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. आजार परतला नाही म्हणजे त्रासच नाही, असं थोडंच आहे? या त्रासावरही उपचार असतात.

सीईएचं तर आणखी सोपं आहे. सिगारेट न ओढणाऱ्या माणसाचं सीईए साधारण ३च्या आत, आणि बहुतेक प्रयोगशाळा ५पर्यंत नॉर्मल धरतात. १.८ आणि २.६ हे दोन्ही आकडे त्या चौकटीतले आहेत. एकाच माणसाचं सीईए दोन वेळा मोजलं तर एवढा फरक पडू शकतो. सिगारेटने ते वाढतं, यकृताच्या किंवा आतड्याच्या सुजेने वाढतं, आणि मोजायची पद्धत बदलली तरी आकडा हलतो. म्हणून तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी. डॉक्टर एकट्या आकड्यावर जात नाहीत. मर्यादेबाहेर गेलेला आकडा पुन्हा तपासून खात्री करतात, चढ सलग आहे का बघतात आणि मगच पुढची पायरी चढतात. तुमच्या वहीत हे आकडे एका रेषेत मांडून ठेवा. सुटा आकडा मनात घेऊन झोपायला जाण्यापेक्षा ती रेषा पाहणं बरं.

फुप्फुसातल्या नोड्यूलची भीती मला पूर्ण समजते, कारण इथे ‘काही नाही’ असं ठामपणे कुणीच म्हणू शकत नाही. आतड्याचा कर्करोग परततो तेव्हा तो यकृतात, फुप्फुसात किंवा पोटाच्या आवरणात येण्याची शक्यता जास्त असते, हे तुम्ही वाचलं आहे आणि ते खरं आहे. मात्र हेही खरं आहे की आजचे सीटी स्कॅन इतके बारीक बघतात की ज्यांना कधी कर्करोग झालेला नाही अशा माणसांच्या फुप्फुसातही असे ठिपके सर्रास सापडतात. जुन्या संसर्गाचा व्रण, फुप्फुसातलीच एखादी लसीका ग्रंथी, अशी त्यांची साधी कारणं असतात. तुमच्या डॉक्टरांनी ‘पाहू’ म्हटलं ते टाळण्यासाठी म्हटलेलं नाही. ४ मिलिमीटरच्या ठिपक्यातून सुईने तुकडा काढणं अवघड आणि धोक्याचं असतं. त्याच्याबद्दलची सगळ्यात भरवशाची माहिती काळ देतो : काही महिन्यांनी तो तेवढाच आहे, नाहीसा झाला आहे की वाढला आहे.

तुमच्या पेट स्कॅनचं उत्तर इथेच आहे. पेट स्कॅन पेशी किती साखर ओढून घेतात ते दाखवतो. साधारण ८ ते १० मिलिमीटरपेक्षा लहान गाठीबद्दल त्याचा निकाल भरवशाचा नसतो, त्यात फुप्फुस श्वासागणिक हलतं. म्हणजे स्कॅनमध्ये तो ठिपका उजळला नाही तरी तुम्हाला खात्री मिळणार नाही. याउलट शस्त्रक्रियेच्या जागेची सूज, साधा संसर्ग, आतड्याची नेहमीची हालचाल यांमुळे दुसरंच काहीतरी उजळू शकतं आणि त्याच्यामागे नवी तपासणी लागते. ज्या प्रश्नाने तुमची झोप उडाली आहे त्याचं उत्तर द्यायची या तपासणीची कुवत नाही, म्हणून मी ‘करू नका’ म्हणते. हाच प्रश्न तुमच्या डॉक्टरांना या शब्दांत विचारा : ‘हा नोड्यूल पुढे नेमका कोणत्या महिन्यात बघायचा? किती वाढला तर तुम्ही काय कराल? आधीच्या स्कॅनमध्ये तो होता का?’ शेवटचा प्रश्न विसरू नका. पुष्कळदा जुन्या स्कॅनशी पुन्हा ताडून पाहिलं की तो ठिपका तेव्हापासूनच तिथे असल्याचं दिसतं, आणि जुना, न बदललेला ठिपका खूप दिलासा देणारा असतो. म्हणून जुन्या स्कॅनच्या सीडी, फिल्म आणि रिपोर्ट जपून ठेवा आणि दर वेळी सोबत न्या, विशेषतः तपासणीची जागा बदलणार असेल तर.

यामागचं मोठं गृहीतक असं की जितके जास्त स्कॅन तितकी जास्त सुरक्षितता. ऐकताच पटावं असं हे वाटतं. पण ते तपासून पाहिलं गेलं आहे आणि तेही तुमच्याच आजारात. स्वीडन, डेन्मार्क आणि उरुग्वे इथे दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यातल्या आतड्याच्या कर्करोगाच्या २,५०९ रुग्णांवर एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या तीन वर्षांत एका गटाची सीटी आणि सीईए तपासणी पाच वेळा झाली, दुसऱ्याची फक्त दोनदा. पाच वर्षांनंतर पहिल्या गटात १३ टक्के आणि दुसऱ्यात १४.१ टक्के रुग्ण दगावलेले होते. हा फरक योगायोगाने पडू शकेल इतका लहान होता. स्तनाच्या कर्करोगात तर इटलीतल्या दोन अभ्यासांनी १९९४ सालीच दाखवलं होतं की लक्षणं नसताना ठरावीक काळाने हाडांचे स्कॅन आणि छातीचे एक्स-रे करत राहिल्याने आयुष्य वाढत नाही. म्हणून त्या आजारात नियमित शारीरिक तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) एवढंच सांगितलं जातं. हे वाचणाऱ्या कुणा ताईला ‘माझे डॉक्टर स्कॅन का सांगत नाहीत, माझ्याकडे दुर्लक्ष तर नाही ना’ असं वाटत असेल, तर त्याचं कारण हे आहे.

याचा अर्थ फॉलो-अप निरर्थक असा मात्र अजिबात काढू नका. त्या अभ्यासात दोन्ही गटांच्या तपासण्या होतच होत्या. आतड्याच्या कर्करोगात फॉलो-अपला खरा अर्थ आहे, कारण यकृतात किंवा फुप्फुसात मोजकी गाठ परत आली आणि वेळेत सापडली तर शस्त्रक्रियेने ती काढता येते आणि काही जण त्यातून पूर्ण बरेही होतात. म्हणूनच पाच वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी सीईए, सहा ते बारा महिन्यांनी सीटी, शस्त्रक्रियेनंतर वर्षाने कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) आणि ती स्वच्छ असेल तर पुढची तीन वर्षांनी, असं वेळापत्रक साधारणपणे असतं. बहुतेक पुनरागमनं पहिल्या दोन-तीन वर्षांत होतात, म्हणून सुरुवातीला तपासण्या जवळजवळ असतात. तुमची कोलोनोस्कोपी झाली का, ते पत्रात नाही. राहिली असेल तर पेट स्कॅनऐवजी तिची तारीख घ्या.

बघा, हे वेळापत्रक म्हणजेच तुमची राखण आहे. ते आखताना तुमच्या आजाराचा स्वभाव लक्षात घेतला आहे, आणि तुम्ही शांत झोपलात तरी ते चालू राहतं. तुमची भीती यात कुठली भर घालते? रात्री पोट दाबून यकृतातली किंवा फुप्फुसातली बारीक गाठ हाताला लागत नाही. रोज दाबल्याने स्नायू आणि टाक्यांची जागा दुखते मात्र खरी, आणि मग दुसऱ्या दिवशी ते दुखणं पुरावा म्हणून समोर येतं. दिवसातून दोनदा वजन केलं तर पाणी आणि जेवणामुळे किलोभराचा फरक दिसतोच. आणि शरीराच्या एखाद्या जागेकडे सतत लक्ष दिलं की तिथली संवेदना वाढते. तुम्ही आत्ता हे वाचताना डाव्या टाचेकडे लक्ष द्या, काहीतरी जाणवेल. ते मिनिटभरापूर्वीही होतं, जाणवत नव्हतं इतकंच. शस्त्रक्रियेनंतर पोटात आतून व्रण असतात, आतडं आखूड झालेलं असतं, त्यामुळे ओढ लागणं, गुरगुरणं, कधी सैल कधी घट्ट शौच होणं हे पुढे बराच काळ चालतं. या सगळ्या आवाजात खरी सूचना ओळखायची तर सतत कान लावून बसणं उपयोगाचं नाही, कारण मग सगळंच मोठं ऐकू येतं.

म्हणून एक ठरलेली रीत करून पाहा. ही अनेकांना मानवली आहे. वजन आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी. पोट दाबणं पूर्ण बंद. एकदम जमलं नाही तर आधी एक दिवसाआड. नवीन काही जाणवलं तर वहीत तारीख टाकून एक ओळ लिहा : कुठे, कसं, कशाने कमी-जास्त होतं. मग वही मिटा. दोन आठवड्यांत ते गेलं किंवा कमी होत गेलं तर विषय संपला. दोन आठवडे टिकलं किंवा वाढत गेलं तर रुग्णालयात फोन करा, पुढच्या भेटीची वाट पाहू नका. काही गोष्टींना मात्र दोन आठवडे द्यायचे नाहीत : शौचातून रक्त, पोटात जोराची कळ येऊन उलट्या आणि वारासुद्धा न सरणं, डोळे पिवळे होणं, धाप लागणं, खोकल्यातून रक्त, एका पायाला अचानक सूज. ही यादी तुमच्या डॉक्टरांकडून तुमच्या आजारापुरती तपासून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तिच्यात नसलेल्या गोष्टीसाठी रात्री इंटरनेट उघडायचं नाही, हा नियम पत्नीलाही सांगून ठेवा. पहिले काही दिवस बेचैनी वाढेल. ती येईल आणि थोड्या वेळाने उतरेल, दाबून बघितलं नाही तरी.

स्कॅनच्या आधीच्या दोन आठवड्यांबद्दल. त्या दिवसांत भीती वाटणार, ती शून्यावर आणायचा प्रयत्न करू नका. पण त्यातला बराच जाच वाट बघण्याचा असतो आणि तो कमी करता येतो. स्कॅनची तारीख घेतानाच निकाल सांगायच्या भेटीचीही तारीख घ्या, शक्य तितकी लगेचची. निकाल कोण सांगणार, समोर की फोनवर, हे आधी विचारून ठेवा. नाहीतर रुग्णालयातून आलेला साधा तारखेचा फोनसुद्धा काळजाचा ठोका चुकवतो. रिपोर्ट मोबाइलवर आधी येत असेल तर तो उघडायचा की नाही, हे शांत असताना ठरवा. तुम्ही तो एकट्याने, रात्री उघडलात आणि ‘नोड्यूल’ हा शब्द वाचून पुढचे चार दिवस तळमळत काढलेत. माझं मत विचाराल तर डॉक्टरांसमोरच उघडावा, किंवा निदान पत्नीबरोबर, दिवसा. रेडिओलॉजिस्टचं काम दिसेल ते सगळं लिहिण्याचं असतं. यकृतातली पाण्याची गाठ, मूत्रपिंडातला खडा, वयानुसार झिजलेला मणका, सगळं एकाच कोरड्या सुरात लिहिलेलं असतं. ‘अनिश्चित’, ‘लक्षणांशी ताडून पाहावे’ असे शब्द तिथे नित्याचे आहेत. आधी शेवटचा निष्कर्षाचा भाग वाचा आणि ‘मागच्या तपासणीच्या तुलनेत बदल नाही’ असं काही आहे का ते शोधा. आणि स्कॅनच्या दिवशी काम संपलं की लगेच कुठे जायचं, कुणाबरोबर, ते ठरवूनच घरातून निघा.

कामावरची नवी जबाबदारी आवडत असेल तर घ्या आणि या स्कॅनच्या आधी घ्या. स्कॅन होऊ दे म्हणून थांबलेल्या निर्णयाला पुढचा स्कॅनही थांबवू शकतो. चांगला निकाल येतो, काही दिवस हायसं वाटतं, मग नवी तारीख जवळ येते. अशी पाच वर्षं जातील. थकव्यामुळे किंवा हातापायांच्या बधिरपणामुळे ते काम झेपणार नाही असं वाटत असेल तर ते वेगळं कारण आहे, तसं वरिष्ठांना सांगून कामाचं स्वरूप ठरवता येईल. पण भीतीला थकव्याचं नाव देऊ नका.

आता पत्नीच्या म्हणण्याबद्दल, आणि हा भाग त्यांना वाचून दाखवा. वाईट विचारांनी कर्करोग परत येतो, या समजाला आधार नाही. मनोवृत्तीचा आजाराच्या पुनरागमनाशी आणि जगण्याच्या कालावधीशी संबंध शोधणाऱ्या अभ्यासांचा आढावा २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. लढाऊ वृत्ती असलेले जास्त जगतात किंवा हताश झालेल्यांचा आजार जास्त परततो, असा सुसंगत पुरावा त्यात मिळाला नाही. या समजापायी माणसं दुहेरी भोगतात : आधी भीती, मग भीती वाटल्याचा अपराध. तुम्ही घाबरलात म्हणून पेशींना काही कळत नाही. ताई, तुम्ही हे म्हणता त्यामागे तुमची स्वतःची भीती आहे, असं मला वाटतं. आजारी माणसाच्या जोडीदाराला अनेकदा त्याच्याइतकीच भीती वाटते आणि ती बोलायला त्याला जागाही नसते. दोघांनी एकमेकांपासून तेच लपवत एका घरात राहणं फार थकवणारं आहे. आठवड्यातून एक ठरावीक वेळ ठेवा, अर्धा तास. त्यात दोघांनी आपापली भीती बोलायची, दुसऱ्याने समजूत घालायची नाही, फक्त ऐकायचं. बाकीच्या वेळी आजाराचा विषय निघाला तर ‘आपल्या वेळी बोलू’ म्हणायचं. आणि स्कॅनच्या दिवसांत चिडचिड झाली तर सरळ सांगा, ‘हे तुझ्यावर नाही, तारीख जवळ आली आहे.’

हातात काहीच नाही, फक्त वाट बघणं आहे, असंही तुम्ही लिहिलं आहे. एक गोष्ट आहे आणि ती तुमच्याच आजारातली आहे. आतड्याच्या कर्करोगाची केमो संपलेल्या ८८९ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ साली आले. निम्म्यांना व्यायामाबद्दल माहितीपत्रकं दिली, निम्म्यांना तीन वर्षं मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली नियमित व्यायामाला लावलं. पाच वर्षांनी व्यायामाच्या गटात सुमारे ८० टक्के लोक आजारमुक्त होते, दुसऱ्या गटात सुमारे ७४ टक्के. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास भरभर चालणं, साधारण एवढी भर त्यांनी आपल्या दिनक्रमात घातली होती. त्या माणसांनी केमो संपल्यावर काही महिन्यांतच व्यायाम सुरू केला होता, तेव्हा त्यांचे आकडे जसेच्या तसे तुम्हाला लावता येणार नाहीत. पण सुरुवात करायला उशीर झाला आहे असं मी मुळीच मानत नाही. झोप, थकवा आणि मन यांच्यासाठीही चालणं चांगलंच. पाय बधिर असल्याने चांगले बूट, सपाट रस्ता, आणि आधी डॉक्टरांना विचारून. फक्त एक विनंती : याला नवी परीक्षा करू नका. एखादा आठवडा चालणं झालं नाही तर काही बिघडलं नाही.

हे सगळं करूनही भीती रोज तासन्‌तास खात असेल, काम आणि झोप बिघडत असेल, तर या विषयातल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे जा. पुनरागमनाच्या भीतीसाठी खास बेतलेले उपचार आहेत. ऑस्ट्रेलियात स्तन, आतडं आणि त्वचेच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या २२२ जणांवर असा एक उपचार वापरून पाहिला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले. अवघ्या पाच बैठका होत्या. लक्ष एका जागेवरून दुसरीकडे वळवायचा सराव, तपासणीचं प्रमाण ठरवणं, आणि ‘काळजी केली की सुरक्षित राहतो’ यासारख्या समजुतींची उलटतपासणी. केवळ शरीर सैल सोडायचे व्यायाम केलेल्यांपेक्षा या लोकांची भीती जास्त कमी झाली आणि सहा महिन्यांनंतरही तो फरक टिकून होता. तुमची समजूत त्यातल्या यादीत बसते, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. जगणं नको वाटेल असा विचार कधी मनात आला तर मात्र भेटीची तारीख बघत थांबू नका, त्याच दिवशी जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा.

हे पत्र वाचणाऱ्यांत काही जण तुमच्या अगदी उलट वागणारेही असतील. भीती तीच, पण तिच्यामुळे ते तपासणीलाच जात नाहीत. तारीख चुकवतात, मग चुकवल्याची लाज वाटते, मग फोन करणं आणखी जड होतं. तुम्ही त्यातले असाल तर कारण सांगत बसू नका, आणि डॉक्टर रागावतील का याचा विचार करू नका. फोन करून एवढंच म्हणा : ‘माझा फॉलो-अप राहिला आहे, मला भीती वाटते, तारीख द्या.’ असे फोन तिथे नेहमी येतात. स्वतःला बोलवत नसेल तर घरातल्या कुणाला करायला सांगा आणि तपासणीला त्याच माणसाला बरोबर न्या.